चालत्या यंत्रात

यंत्र मेलं तेव्हा माधवीच्या तोंडात चहावरची साय आली होती. ती थुंकावी की गिळावी हे ठरायच्या आत पडद्यावर एकच ओळ उमटली, सेगमेंटेशन फॉल्ट, आणि तिच्याखाली कर्सर लुकलुकायला लागला, काही झालंच नाही अशा थाटात. तिनं साय गिळली. ती घशात चिकटली आणि चिकटूनच राहिली.

पुन्हा.

माधवीचं काम म्हणजे संगणकाच्या पोटात दुसरा, खोटा संगणक चालवणं. त्याला एम्युलेटर म्हणतात. आतल्या खोट्याला आपण खोटे आहोत हे कळत नाही. त्याला वाटतं आपल्याला खरी डिस्क आहे, खरं घड्याळ आहे, खरी मेमरी आहे. जगभरची माणसं मिळून तो एम्युलेटर लिहितात, एकमेकांची तोंडं न बघता, मेलवर. त्यातला लहानसा भाग ती लिहायची, बारामतीत, भिगवण रस्त्याच्या मागच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर, ज्या खोलीला सासरची माणसं अजून बाळाची खोली म्हणत होती त्या खोलीत. तर अशा चालत्या यंत्रात, ते बंद न करता, मेमरीची नवी पट्टी बसवता येते. आधी पट्टी तयार करून बाजूला ठेवायची, मग ती यंत्रात खोचायची. तिनं तयार केली. खोचली.

मेलं.

पट्टी बसली नाही इतकंच असतं तर तिला काही वाटलं नसतं. नाही बसली तर नाही बसली. पण इथं अख्खं यंत्र जात होतं, आत जे चालू होतं ते सगळं घेऊन. ज्या अनोळखी माणसानं ही तक्रार पाठवली होती त्यानं शेवटी लिहिलं होतं की मला थोडी जागा वाढवायची होती, बाकी काही नको होतं. त्या वाक्यातली गयावया तिला सकाळपासून सलत होती. माणसानं यंत्रापुढं इतकं आर्जवी का व्हावं? आणि यंत्रानं त्याला निदान नाही तरी म्हणावं की नाही? ती हे पुटपुटत असतानाच फोन थरथरला. सासरच्या, अंथुर्ण्याच्या घरचा ग्रुप. फोटो होता. तिच्या थोरल्या दिराची, रविराजदादांची, धाकटी मुलगी श्रेया, सहा वर्षांची, जांभळ्या परकर-पोलक्यात, केसांना इतकं तेल की कपाळावर ओघळ आलेला. खाली दादांनी लिहिलं होतं, उद्या माधवीच्या ओटीत. पुढं हात जोडलेले. मग एकेकाचे हात जोडलेले. मग फुलं.

तिला हे असं कळलं.

उद्याचं बारसं तिला ठाऊक होतं. रविराजदादांना तीन मुलींवर मुलगा झाला होता आणि अंथुर्ण्यात मांडव पडला होता. पण त्याच मांडवात तिसरी मुलगी आपल्या ओटीत घालणार आहेत, हे तिला त्या जांभळ्या परकरावरून कळलं. ओटीत घालणं म्हणजे काय हे तिनं सुप्यात, माहेरी, लहानपणी पाहिलं होतं. बाई पाटावर बसते, पदर पसरते, पदरात तांदूळ पडतात, नारळ पडतो, खण पडतो, आणि मग वरून मूल बसवतात. कागद मागाहून होतात, कधी होतही नाहीत. पसरलेला पदर बाईला चारचौघींत झटकता येत नाही. म्हणूनच आधी विचारत नसावेत. बाईला मूल नाही, जावेला नको इतकी आहेत, एक उचलून इकडं ठेवलं की दोन्हीकडचं भागलं. तिनं फोन पालथा ठेवला, पुन्हा उचलला. टेबलाच्या काचेवर त्याचा तेलकट ठसा उमटला होता. तिनं तो ओढणीनं पुसला, पुन्हा पुसला, आणि मग ओढणीच धुवायला टाकली.

तिला श्रेया नको होती असं नव्हतं. हवी होती असंही नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळं उत्तर कधी तयारच झालं नव्हतं; ते जिथं असायला हवं तिथं हात घातला की हाताला काहीच लागत नव्हतं. पुण्याच्या दवाखान्यात तीन वर्षं चाललेल्या उपचारांतही तिला पुष्कळ प्रश्न विचारले गेले, पाळीचे, झोपेचे, कुठल्या दिवशी काय केलंत याचे, पण हा नाही. प्रयागबाई, तिच्या सासूबाई, आल्या की बोलता बोलता तिच्या पोटावर हात ठेवायच्या, बंबातलं पाणी तापलं का बघावं तसा, आणि काढून घ्यायच्या. तो हात गेल्यावरही तिथली कातडी तिला परकी वाटत राहायची, आंघोळ होईपर्यंत. तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी आता थांबू या म्हटलं, आणि परतीच्या वाटेवर ती गाडीत झोपली, गाढ, तोंड उघडं टाकून. इंद्रजितला, तिच्या नवऱ्याला, ते दुःख वाटलं. त्यानं हॉर्न न वाजवता गाडी बारामतीपर्यंत आणली. ती सुटकेची झोप होती हे तिनं त्याला कधी सांगितलं नाही. त्यानंही कधी विचारलं—

पुन्हा चालवलं. मेलं.

संदेशचा फोन आला. संदेश पुण्याचा, तिच्याच गटातला, तिच्याहून चार वर्षांनी लहान आणि बोलताना सतत काहीतरी खाणारा. त्यानं कुरकुरीत काहीतरी दाढेखाली फोडत तिला समजावलं की हा बिघाडच नाही. यंत्र सुरू करताना सांगावं लागतं की पुढं मेमरी किती वाढू शकेल. सांगितलं तर तेवढी जागा राखली जाते, नाही सांगितलं तर नाही. त्या माणसानं सांगितलं नव्हतं. जागा न राखता खोचायला गेला, मग मरणारच. वापरणाऱ्याची चूक, असं लिहून मोकळी हो, म्हणाला, आणि उद्या रविवार आहे, जरा बाहेर जा. मोकळी हो या शब्दांसरशी त्याच्या तोंडातला घास खाली उतरल्याचा आवाज तिच्या कानात आला. तिनं विचारलं, एक चूक केली म्हणून अख्ख्या यंत्राचा जीव घ्यायचा का? तो हसला, तू फार मनावर घेतेस म्हणाला. माधवीनं फोन कानापासून लांब धरला. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, याचीच तिला जास्त शिसारी आली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत श्रेया आठ दिवस बारामतीला राहून गेली होती. तेव्हा कुणी काही म्हटलं नव्हतं. थोरल्या जावेला, सोनमताईंना, दिवस गेलेत, पोर त्रास देते, तेवढंच. श्रेया फार बोलायची नाही. माधवी कामाला बसली की ती टेबलाखाली बसायची, तिच्या पावलांशी, आणि वायरींना बोटांनी विंचरायची. दुसऱ्या सकाळी अंथरूण ओलं होतं. माधवी खोलीत गेली तेव्हा मुलीनं चादर स्वतःच गोळा करून न्हाणीत नेली होती आणि ती छातीशी धरून भिंतीला टेकून उभी होती, फ्रॉकही ओला करून घेतलेला. तो वास. कोमट, आंबूस, लहान मुलाच्या झोपेचा. माधवीचं तोंड आपोआप वाकडं झालं. ती रागावली नाही, चादर घेतली, धुण्याच्या यंत्रात टाकली, मुलीला आंघोळ घातली. पण तोंड वाकडं झालं होतं आणि श्रेयानं ते पाहिलं होतं. पुढचे सगळे दिवस मुलगी रात्री पाणी प्यायली नाही. घसा कोरडा पडून खोकायची, तरी नाही. माधवीच्या हे तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. तिनं पाण्याचा पेला उशाशी ठेवला, तो सकाळी तसाच भरलेला असायचा. त्या भरलेल्या पेल्याची तिला जितकी लाज वाटायची तितकाच रागही यायचा. आता कळत होतं की ते आठ दिवस अंथुर्ण्यात मोजले जात होते. पोर रमली. माधवीला लळा लागला. पाणी प्यायली नाही हे कुणाच्याच हिशेबात—

इंद्रजित दुपारी जेवायला आला. त्याचं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान होतं आणि त्याच्या बोटांना पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा वास कायम असायचा. त्या बोटांनी त्यानं भाकरी मोडली, मेथीत बुडवली. ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग फोन त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

“हे तुला माहीत होतं?”

त्यानं घास गिळला. “आईनं तुला सांगितलं असेल म्हणून मी काही बोललो नाही.”

“मला कुणीही सांगितलं नाही.”

“मग आईला वाटलं असेल, मी सांगितलं.” हे त्यानं इतक्या निर्मळपणे सांगितलं की तिला ओरडायला जागा राहिली नाही. घरातलीच पोर आहे, बाहेरची नाही, असंही तो म्हणाला, आणि आवाज खाली आणून, तुला एवढं नको असेल तर आत्ता सांग, पण आता मांडव पडलाय. म्हणजे सांग पण सांगू नकोस. तिनं त्याला आईला फोन लावायला सांगितला, आवाज मोठा करून. प्रयागबाई पलीकडं लाडू वळत असाव्यात, मागं परातीचा आवाज होता.

“मी कशाला ईचारीन? तुमा नवरा-बायकूचं ठरलंय म्हणूनच तर रविराजनं सोनमला सांगितलं.”

“आई, आमचं काही ठरलेलं नव्हतं. दादांना कुणी सांगितलं?”

“त्यानं आबांना ईचारलं की. आबांनी मान हलिवली.”

इंद्रजितनं ताटातली मिरची उगीच बाजूला केली. आबा, म्हणजे मानसिंगराव, त्याचे वडील, यांची मान दोन वर्षांपासून आपोआप हलते. कंपवात आहे. जेवताना हलते, बातम्या बघताना हलते, झोपेत तेवढी थांबते. घरातले सगळे निर्णय अजून त्यांना विचारून होतात आणि दोन वर्षांत त्यांनी एकाही गोष्टीला नकार दिलेला नाही. विहिरीवरची नवी मोटार, चुलत्यांशी समझोता, थोरल्या नातीची शाळा, सगळ्याला आबांचा होकार आहे. हे कुणाला कळत नाही असं नाही. सगळ्यांना कळतं. पण विचारल्याची रीत सांभाळली जाते आणि प्रत्येकाला वाटतं, आपल्या वरच्यानं पाहिलं असेल. माधवीला हसू आलं, ते वर येता येता आंबट झालं, आणि ती ताट सरकवून उठली. मागून इंद्रजितचा आवाज आला, अगं जेव तर. ताटातली मेथी काळी पडत चालली होती.

ती खोलीत आली, दार लावलं, आणि मेलेल्या यंत्राच्या पोटात शिरली. कोडमधल्या कुठल्या कामानं कुठल्या कामाला बोलावलं, त्यानं पुढं कुठल्याला, अशी उतरंड मरणाच्या जागेपासून वर वर वाचत जाता येते. सगळ्यात खाली जे काम होतं ते राखलेल्या जागेत पट्टीला पत्ता शोधून देण्याचं. ते थेट जागेकडं जायचं आणि विचारायचं, तू सुरू कुठून होतेस? जागा नव्हतीच. जिथं तिचा पत्ता लिहिलेला असायचा तिथं शून्य होतं. शून्यावर जाऊन त्यानं हात घातला आणि सगळंच कोसळलं. आधी असं होत नव्हतं. आधी जागा लहान का होईना, रिकामी का होईना, कायम असायची. चार वर्षांपूर्वी कुणीतरी साफसफाई केली, लागेल तेव्हाच जागा उभी करू असं ठरवलं, आणि तीन जणांनी आपली नावं घालून ते पाहिल्याचं कबूल केलं. पत्ता शोधणाऱ्या कामाच्या डोक्यावर टीप होती: इथं येईपर्यंत वरच्यानं तपासलेलं असतं. माधवी वरच्याकडं गेली. वरच्यात काहीच तपासलेलं नव्हतं. तिथं दुसरी टीप होती: ही तपासणी खालचा करतो.

 ती उठून बेसिनपाशी गेली. नळाचं पाणी तोंडावर मारलं. सोनमची मुलगी म्हणजे काही मेमरीची पट्टी नव्हे, आणि सासर म्हणजे यंत्र नव्हे. आपलं डोकं आता दिसेल त्या दोन गोष्टी एकमेकींना चिकटवत बसणार, सोल्युशन लावून, याचा तिला तिटकारा आला. कोडमध्ये चार ओळी घातल्या की झालं. घरात कुठल्या चार ओळी? तिथं प्रत्येक टीप कुणाच्या ना कुणाच्या तोंडात होती आणि तोंडं चावत होती, गिळत होती, लाडू वळता वळता बोलत होती.

तिनं चार ओळी लिहिल्या. आधी बघ, जागा आहे का. नसेल तर तसं सांग आणि परत फिर. सांगायचं काय, यात तिचा बराच वेळ गेला. शेवटी तिनं लिहिलं: या यंत्रात नव्या मेमरीसाठी जागा राखलेली नाही, यंत्र सुरू करतानाच कमाल मर्यादा सांगावी. मग यंत्र पुन्हा सुरू केलं, मुद्दाम जागा न राखता. आत घड्याळ लावलं. पट्टी तयार केली. खोचली. नकाराची ओळ उमटली आणि आतलं घड्याळ चालत राहिलं. एक सेकंद, पुढचा सेकंद. ती बघत राहिली. आनंद व्हायला हवा होता. नकार किती सभ्य होता, आणि तो देऊन यंत्र किती निर्विकारपणे पुढं चाललं होतं. मग तिनं, कुणी सांगितलेलं नसताना, बाजूला काढून ठेवलेल्या गोष्टींची विचारणा केली. पट्टी तिथंच होती. खऱ्या संगणकाकडून घेतलेली, तयार केलेली, नाकारलेली, कुठल्याच यंत्राची नसलेली. तिला परत कुठं पाठवायचं हे तिच्या चार ओळींत नव्हतं. ते त्या बिघाडाचा भाग नाही, असं तिनं स्वतःशी म्हटलं, संदेशच्या आवाजात.

संध्याकाळी तिनं दुरुस्ती पाठवली. त्या कामात एक रीत आहे. बिघाड कुठल्या जुन्या बदलानं आला, तो बदल नावानिशी लिहायचा, आणि ज्यानं तो केला त्यालाही पत्र जातं. त्यात अपमान नसतो. तो माणूस बहुधा लिहितो, बरोबर, माझ्याकडून राहिलं. माधवीनं चार वर्षांपूर्वीच्या त्या साफसफाईचं नाव लिहिलं, तिन्ही तपासणाऱ्यांचे पत्ते घातले, आणि पाठवायच्या आधी क्षणभर थांबली, आपल्या घरात असं एक पत्र—

सकाळी अंथुर्ण्याला जाताना कालव्याच्या कडेनं उसाचे ट्रॅक्टर लागले, दोन-दोन ट्रॉल्या, डुलत. कारखान्याच्या अंगाला आले तशी मळीची घाण सुरू झाली, गोड कुजलेली, काच वर केली तरी आत येणारी. इंद्रजितला तो वास कळत नाही, तो त्यात वाढलेला. फोनवर एका परदेशी माणसाचं उत्तर आलं: ठीक दिसतंय, घेतो. एवढंच. तिनं ते इंद्रजितला दाखवलं नाही. तो म्हणाला, आज जरा नीट वाग. तिनं विचारलं, नीट म्हणजे कसं. त्यानं गिअर बदलला. एकट्यात ती त्याला नावानं हाक मारायची आणि अंथुर्ण्याच्या कमानीपासून अहो म्हणायची. कमान आली, गेली, आणि तिच्या तोंडी दोन्हीपैकी काहीच येईना.

मांडवात बायका भरल्या होत्या. खोबऱ्याचं तेल, मोगरा, घाम, तळण. म्हाळसाआत्या, आबांची थोरली बहीण, पाळण्याशेजारी खुर्ची टाकून बसली होती. या घरातलं कुठलंही कार्य तिच्या तोंडून सुटतं तेव्हाच सुरू होतं. प्रयागबाईंनी माधवीला पाहिल्या पाहिल्या जवळ ओढलं, तोंडावरून हात फिरवला, आणि कौतुकानं सांगितलं की पोरीची सगळी तयारी झाली. दप्तर भरलंय. थोरल्या प्रगतीनं तिची निजायची जागा घेतलीय, मधलीनं कपाटातला खण घेतलाय, कालपासूनच. आता मागं ओढ लागायला नको. आबा ओसरीवर खुर्चीत होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांची मान हो म्हणत होती.

सोनम आतल्या खोलीत बाळाला पाजत होती. खोलीत शेगडीची ऊब होती, शेपाचा आणि दुधाचा दाट वास. माधवी दारात उभी राहिली. सोनमनं वर पाहिलं, आणि त्या नजरेत जे होतं त्यानं माधवी अर्ध्या पावलावर थांबली.

“ताई, मला कालपर्यंत यातलं काही माहीत नव्हतं.”

सोनमनं बाळाला दुसऱ्या अंगाला घेतलं. 

“मला सांगितलं की तूच मागितलीस माझी पोर.”

“कुणी सांगितलं?”

“सगळ्यांनी,” सोनम म्हणाली. “मी म्हणलं, मागती तर मागू दे. शिकलेली बाई हाय. तितं नीट ऱ्हाईल.” मग ओल्या झालेल्या ब्लाउजला पदर दाबत, त्याच आवाजात, “पंधरा दिस मी तुला रोज शिव्या घालतीया.”

 शिव्या पंधरा दिवस बारामतीच्या दिशेनं जात होत्या आणि तिला त्यातली एकही लागली नव्हती. तिनं विचारलं, मग आता बाहेर येऊन सांगा ना. सोनमनं मान हलवली. हो की नाही ते कळेना. बाहेरून म्हाळसाआत्याची हाक आली, पाळण्याची येळ झाली म्हणून, आणि सोनम उठली, पदर सावरला, चेहऱ्यावर काहीतरी ओढून घेतलं आणि बाळाला घेऊन बाहेर गेली.

बाळाचं नाव ठेवलं. बायकांनी पाळणा म्हटला. मुठी वळलेला तो गोळा झोपेतच रडून पुन्हा झोपला, सोनम त्याला घेऊन आत गेली. मग म्हाळसाआत्या म्हणाली, आता ती बी ओटी उरकून घ्या, जेवणं खोळंबलीत. पाट आला. नारळ आला, खण आला, सुपात तांदूळ आले. श्रेयाला कुणीतरी खांद्याला धरून पुढं केलं. जांभळा परकर तिला मोठा होत होता, तिनं तो दोन्ही हातांनी उचलून धरला होता. माधवी पाटावर बसली. बसल्यावर तिला कळलं की आपण बसलो. भोवती साड्यांची भिंत, पोटं, निऱ्या, कुणाच्या तरी पायाची भेगाळलेली टाच. प्रयागबाईंनी नारळ उचलला.

“पसर पदर.”

माधवीचे हात मांडीवर होते. ते तिथंच राहिले. तिनं श्रेयाकडं पाहिलं आणि विचारलं, मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल अशा पण साध्या आवाजात, रोज विचारतात तशा.

“श्रेया, तुला माझ्याकडं ऱ्हायला यायचंय का?”

बायका हसल्या. बाई माझी, पोराला काय ईचारायचं, असं कुणीतरी म्हणालं. प्रयागबाईंचा नारळ धरलेला हात हवेत होता. श्रेयानं आतल्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. दार लोटलेलं होतं. आजीकडं पाहिलं. मग माधवीच्या चेहऱ्याकडं, बारकाईनं, तोंडाकडं. उत्तर कुठलं बरोबर ते ती शोधत होती. तिच्या कपाळावरचा तेलाचा ओघळ भुवईपर्यंत आला होता. माधवीला तो पुसावासा वाटला, आणि त्याच वेळी त्या तेलाची, त्या गर्दीची, स्वतःच्या मांडीवर घामेजलेल्या हातांची इतकी शिसारी आली की तिनं हात हलवला नाही.

“गप हाय म्हंजी व्हय,” म्हाळसाआत्या म्हणाली. “घाल गं.”

“तोंडानं व्हय म्हणू दे,” माधवी म्हणाली. “तवर मी पदर पसरणार न्हाय.”

कुणी ओरडलं नाही. हेच तिला नंतर फार दिवस खुपत राहिलं. तिला वाटलं होतं काहीतरी तुटेल, कुणीतरी रडेल, इंद्रजित पुरुषांतून उठून येईल. श्रेया काही बोलली नाही. नारळ हवेत राहिला, थोडा खाली आला. प्रयागबाईंचा चेहरा लाल झाला, त्यांनी इकडं तिकडं पाहिलं, आणि भरायला काढलेली ओटी रिकामी परत नेता येत नाही म्हणून तो नारळ, तो खण, ते तांदूळ त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या सांगवीच्या एका पाहुण्या बाईच्या पदरात घातले. त्या बाईनं कुंकू लावून घेतलं आणि खूश होऊन नमस्कार केला. म्हाळसाआत्यानं खुर्चीतून उठता उठता म्हटलं, सवडीनं बघू, शिकलेल्या बायका हायत, त्यांचं येगळं असतंय, आणि बायका पुन्हा हसल्या, बऱ्या मनानं. पानं मांडा, कुणीतरी म्हणालं. सतरंज्या अंथरल्याचा आवाज आला. मांडव लगेच पहिल्यासारखा झाला. आतल्या खोलीचं दार किंचित उघडलं, फटीतून सोनमचा एक डोळा दिसला, आणि दार पुन्हा लागलं. त्या डोळ्यात आभार होते की नवी शिवी, हे माधवीला ओळखता आलं नाही.

तिला पंगतीत बसवलं गेलं. ती बसली. एका बाजूला भिंत होती, दुसऱ्या बाजूला म्हाळसाआत्या. ताटात मीठ पडलं, लिंबाची फोड पडली, बुंदी पडली. बुंदीचं तूप मिठाकडं सरकत होतं. समोरच्या ओळीत प्रगती आणि मधली बहीण एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, त्यांच्यापुढं सांगवीची बाई, मग पाहुणे, मग दारापर्यंत माणसंच माणसं. सगळी खाली बघून भात कालवायला लागली होती. बोटं, भात, वरण. माधवीनं डोळे मिटून एक घास तोंडापर्यंत नेला, तेव्हा तिच्या खांद्याला कापड लागलं. श्रेया होती. परकर दोन्ही हातांत धरलेला, पाठीवर भरलेलं दप्तर.

“काकू, मग मी आता कुठं बसू?”

ती रडत नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं. माधवीनं भिंतीकडं सरकून पाहिलं. सरकायला जागा नव्हती. तिनं म्हाळसाआत्याकडं पाहिलं, ती कढीच्या वाटीवर वाकली होती. तिनं घास ताटात परत टाकला आणि ताट उचलून उभी राहिली. पंगत चालू असताना अर्ध्यातून उठलेली बाई म्हणून दोन-चार माना वर झाल्या, पुन्हा खाली गेल्या. दोघी उभ्या होत्या, एक ताट धरून, एक परकर धरून, आणि दोन ओळींच्या मधल्या चिंचोळ्या वाटेनं भाताचं घमेलं घेतलेला वाढपी त्यांच्यापाशी येऊन अडला. त्यानं एकदा हिच्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं.

“बसा की,” तो म्हणाला. “बसल्याबिगर वाढता येत न्हाय.”